आमच्या कोचचा सत्कार

न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या त्या मैदानावर आता कृत्रिम गवत आलंय. शनिवारी सकाळी गाडी तिकडून गेली की रंगीत जर्सीतली पोरं दिसतात, त्यांचे आईबाप घडीच्या खुर्च्यांवर कॉफी पीत बसलेले असतात, आणि मला उगीचच राग येतो. राग त्यांच्यावर नसतो. तिथे आता आम्ही नाही, याचा असतो. आमची टीम मोडली. कोणी डॅलसला गेलं, कोणी नोकरी गेली म्हणून पुण्याला परतलं, कोणाच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. कोच पोलंडला आपल्या गावी परत गेले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेवढा शिल्लक आहे आणि त्यावर एकमेकांचे वाढदिवस साजरे होतात.

मी मूळचा कोल्हापूरचा. कोल्हापूर म्हणजे फुटबॉल हे उरलेल्या महाराष्ट्राला समजावून सांगावं लागतं, याचाही मला रागच आहे. आमच्याकडे पेठेपेठेची टीम, तालमीतालमीची टीम. हरलेल्या पेठेतला माणूस पुढचे काही दिवस जिंकलेल्या पेठेतून जायचं टाळतो, वळसा घालून भाजी आणतो. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या मराठी लोकांची एक फुटबॉल टीम निघतेय असं इथे कळलं, तेव्हा मी सगळ्यात आधी हात वर केला. पण टीम मराठी होती, म्हणजे बॉल आणायच्या आधी कमिटी झाली. सेक्रेटरी पुण्याचा. त्याने पहिल्याच आठवड्यात टीमची घटना लिहून काढली, कलमं आणि पोटकलमांसकट. गोलकीपर नागपूरचा. त्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, "यात गोल कसा अडवायचा ते नाही लिहिलं ना बे."

कोच आम्हाला कुंपणापलीकडून मिळाले. साठीकडे झुकलेला, लाल गालांचा, ठेंगणा माणूस. एका पोलिश बेकरीची गाडी चालवायचे. पहाटेची फेरी संपली की घरी जाता जाता मैदानाशेजारी गाडी लावायचे आणि सिगरेट ओढत आमचा खेळ बघायचे. काही शनिवार त्यांनी सोसलं. मग एक दिवस फाटक उघडून सरळ आत आले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला म्हणाले, "पास दिलास की तू का थांबतोस? तुझा कोणी फोटो काढतंय?" मी तेव्हा कंपनीत बऱ्यापैकी मोठ्या टीमचा मॅनेजर होतो. माझ्याशी असं बोलणारं माणूस फक्त घरात होतं. मला ते तिथल्या तिथे आवडले.

त्यांची हकिकत आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळली. पोलंडमध्ये ते मिडफिल्डर होते. टीव्हीवर दिसणाऱ्या लीगमध्ये नाही, त्याच्या खालच्या, अजून खालच्या लीगमध्ये. गाव साखर कारखान्याचं. साखर बिटाची, आपल्यासारखी उसाची नाही, एवढाच काय तो फरक. टीम कारखान्याची, मैदान कारखान्याच्या भिंतीला लागून, आणि हंगाम सुरू झाला की खेळताना नाकात मळीचा वास. हे ऐकलं आणि मी गवतावर बसकण मारली. माझे वडील साखर कारखान्यात केमिस्ट होते. सगळे नाकाला रुमाल लावतात तो वास मला आला की मी शाळेतून घरी चाललेला असतो.

गुडघा गेला तसे ते कोच झाले. आधी त्याच टीमचे, मग शेजारच्या गावच्या, मग त्याच्याही शेजारच्या. एकूण किती टीम सांभाळल्या असं विचारलं की बोटं मोजायला लागायचे आणि मध्येच सोडून द्यायचे. तिथून का निघालात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "बोर्डाने थँक यू म्हटलं." आम्हाला वाटायचं, किती सभ्य लोक आहेत.

दर शनिवारी सकाळी सातला ते हजर असायचे. बरोबर बेकरीतले आदल्या दिवशीचे डोनट. त्यांच्या आत गुलाबाचा मुरंबा असायचा, जो आमच्या सेक्रेटरीने पहिल्या घासाला गुलकंद म्हणून ओळखला आणि मग तो डोनट खायलाच यायला लागला. कोचची बायकोही कधीतरी यायची. बोलायची जवळजवळ नाहीच, पण गोलकीपरने तिला पहिल्या दिवसापासून काकू म्हणायला सुरुवात केली आणि ती त्याला ओ द्यायला लागली.

त्यांची शिकवण एकच होती. बॉल ज्याच्याकडे आहे त्याला तू दिसला पाहिजेस. "दिसत राहा," ते ओरडायचे. "त्याने मान वर केली की तू समोर हवास. बाकी सगळं नंतर." आम्ही फार सुधारलो असं मला म्हणवत नाही. आधी गोंधळात हरायचो, आता शिस्तीत हरायला लागलो. पण त्या वर्षी एडिसनच्या तेलुगू टीमला आम्ही एकदा हरवलं, आणि कोचनी टोपी काढून आकाशाकडे बघितलं. त्या सकाळी मला कोणी अख्ख्या न्यू जर्सीचा मालक केलं असतं, तरी मी मैदान सोडून गेलो नसतो.

मराठी माणसाला आनंद अनावर झाला की तो दोनच गोष्टी करतो. भांडतो, नाहीतर सत्कार करतो. कमिटीची मीटिंग झाली आणि कोचचा सत्कार एकमताने ठरला. इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता, शाळेचं ऑडिटोरियम घेतलेलं होतं, नाटकाच्या आधी थोडा वेळ आम्हाला मिळाला. आयसेलिनच्या देशी दुकानांतून शाल आणली, शेंडीचा नारळ आणला, हा एवढा मोठा पुष्पगुच्छ आणला. कोच सूट-टाय घालून आले. काकूंनी केस सेट करून घेतले होते.

भाषण सेक्रेटरीने केलं, इंग्रजीत. आमच्याकडे सत्काराचं भाषण आणि शोकसभेचं भाषण यांत फरक शोधावा लागतो. आम्ही आपले कायम ऋणी राहू. आपलं योगदान विसरणं शक्य नाही. आपल्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा. मग शाल, नारळ, फुलं, टाळ्या. मी कोचकडे बघत होतो. गालांचा लाल रंग उतरला होता. मला वाटलं, गहिवरले. त्यांनी रांगेत उभ्या असलेल्या आमच्यातल्या प्रत्येकाशी हात मिळवला, गोलकीपरपासून ते कधीच न खेळलेल्या खजिनदारापर्यंत. मग माइकपाशी जाऊन म्हणाले, "चांगली मुलं आहेत. नव्या कोचसाठीही अशीच मेहनत करा." आम्ही खो खो हसलो. कोचना विनोद करता येतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं, असं आम्हाला वाटलं. नाटकाला ते थांबले नाहीत.

पुढच्या शनिवारी सात वाजले, साडेसात वाजले, कोच आले नाहीत. फोन उचलेनात. आमचे आम्हीच खेळलो, नुसते पळालो. घरी आलो तर माझ्या दाराशी टीमची बॅग ठेवलेली. सरावाचे शंकू एकात एक घातलेले, प्रॅक्टिसची जाकिटं धुऊन घड्या घातलेली. ग्रुपवर चर्चा पेटली. ते आजारी असतील, चिडले असतील, कार्यक्रमात मांसाहार नव्हता म्हणून असेल. सेक्रेटरीने फीडबॅक फॉर्म पाठवायची सूचना मांडली. गोलकीपरने मला वेगळा फोन केला. "मले तर एकच सुचते भाऊ. आपण त्यांना नारळ दिला ना यार." मी हसलो नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी आणि गोलकीपर ऑफिसमधून परस्पर वॉलिंग्टनला कोचच्या घरी गेलो. दोन कुटुंबांचं लाकडी घर, वरच्या मजल्यावर ते राहायचे. काकूंनी दार उघडलं आणि स्वयंपाकघरात नेलं. कोच टेबलाशी बसले होते. नारळ फ्रिजवर ठेवलेला होता, शाल घडी करून खुर्चीच्या पाठीवर. फुलं दिसली नाहीत.

"बॅगेत सगळं मिळालं ना?" त्यांनी विचारलं. "शंकू मोजले?"

"मिळालं."

"बरं. नवा कोण आहे?"

"नवा कोण?" मी विचारलं.

खोटं बोलणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सावकाश सांगायला लागले. एका गावात त्यांनी टीम वरच्या लीगमध्ये नेली होती. पुढच्या हंगामाच्या पहिल्या मॅचला अध्यक्षांनी त्यांना मैदानाच्या मधोमध बोलावलं. बँड वाजला, पुष्पगुच्छ दिला, मिठी मारली, भाषणात थँक यू म्हटलं. फुलं घेऊन ते वळले तर त्यांच्या बाकावर दुसरा माणूस बसलेला. टीमचं जाकीट घालून. पुढेही कधी फुलं बाकाशेजारी मिळाली, कधी ऑफिसात, पण मिळायची ती काढून टाकायच्या दिवशीच.

"खऱ्या टीमनी काढलं तर समजतं," ते म्हणाले. "एक दिवस राग येतो, मग दुसरीकडे बघायचं. पण तुम्ही? तुम्हाला धड पळता येत नाही. तुम्हालाही मी नको, तर मग मी कोच कसला?"

गोलकीपर खुर्चीतून उठलाच. "नो नो कोच, कोणी नाही नवा. मले विचारा ना. कोणीच नाही." आणि मग तो रडायलाच लागला. सहा फुटांचा माणूस.

मी समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, आमच्यात जाणाऱ्याला फुलं देतात आणि राहणाऱ्यालाही देतात.

"राहणाऱ्याला कशासाठी?" कोचनी विचारलं.

खरं सांगतो, इतके सत्कार बघितले, त्यांतल्या निम्म्यांना नाकं मुरडली, पण कोणी कधी हे विचारलं नव्हतं. शेवटी म्हणालो, "तुम्ही आम्हाला आवडता म्हणून. जाऊ नये म्हणून."

ते बायकोकडे वळून पोलिशमध्ये काहीतरी सांगत राहिले. त्यात मला फक्त माझ्याकडे दाखवलेलं बोट कळलं. मग आमच्याकडे वळले. "शनिवारी सात. आणि तू," मला म्हणाले, "पास दिलास की थांबू नकोस."

काकू तोवर मागच्या जिन्याने खाली गेल्या होत्या. आम्हाला वाटलं, त्या रागावल्या. कोच म्हणाले, "ती फुलं कधीच पाण्यात ठेवत नाही. फुलं आली की त्याच दिवशी बाहेर. कोटसुद्धा काढत नाही आधी."

काकू वर आल्या तेव्हा हातात आमचा तो पुष्पगुच्छ होता. मागच्या अंगणात पाचोळ्याच्या ढिगावर इतके दिवस पडलेला. त्यांनी ओला कागद सोडवला, सिंकपाशी उभ्या राहून एकेक देठ कापला, काळ्या पडलेल्या पाकळ्या काढल्या आणि उरलेली फुलं पाण्याच्या ग्लासात घालून टेबलाच्या मधोमध ठेवली. निम्म्याहून जास्त सुकलेली होती. काकूंनी तो ग्लास जरा फिरवला, बरी राहिलेली बाजू नवऱ्याकडे केली, आणि चहाचं पाणी ठेवायला गेल्या.