खुडलेल्या शेंड्यांची कलमं

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझे सासरे, म्हणजे मामा, शाहूवाडीहून कसबा बावड्याला आमच्याकडे राहायला आले. त्यांचं मागणं एकच होतं. खंडेनवमीला गावाकडच्या औताला आणि कुऱ्हाडीला घरच्या झेंडूची फुलं हवीत. विकतचं फूल त्यांनी अवजारांना कधी वाहिलं नव्हतं. मी गच्चीवर तेलाच्या डब्यांत तीस रोपं लावली आणि फ्रिजवर कामांची यादी चिकटवली. चौथ्या आठवड्यापुढे लिहिलं होतं: शेंडे खुडणे.

मी खुडत असताना मामा काठी टेकत वर आले.

"मुंडकी का मोडाय लागलीस?"

मी समजावलं. शेंड्यातल्या पेशी एक रस खाली धाडतात. पानांच्या बेचक्यांतल्या कोंबांना तो निरोप असतो, थांबा म्हणून. शेंडा गेला की निरोप बंद. मग ते कोंब जागे होतात, फांद्या वाढतात, फुलं वाढतात.

"म्हंजे वरचा एकटा समद्यांस्नी दाबून ठेवतोय?"

"हो."

"आन् तो मेल्यावर बाकीची कामाला लागत्यात?"

मी मान हलवली. ते काठीने खुडलेले शेंडे एका जागी सारायला लागले.

दुपारी मी बाजारातून परतले तर तीसही शेंडे जागेवर होते. मामांनी आयुष्यभर आंब्याची कलमं बांधली आहेत. खोड चिरून, शेंड्याची पाचर बसवून त्यांनी प्रत्येकाला चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी गुडघ्याच्या ड्रेसिंगची होती. गुडघा उघडा.

"मामा, जखम भरली नाही अजून."

"जखम दम धरंल. फुलं न्हाय धरायची."

यादीत दोन कामं वाढली: नर्सबाईंना फोन करणे, पट्टी कुलपात ठेवणे.

आठवड्यात सत्तावीस शेंडे वाळले आणि त्या झाडांना भराभर फांद्या फुटल्या. तीन कलमं मात्र जगली. ती काठीसारखी सरळ वाढत राहिली, बेचक्यातला एक कोंब हलला नाही. जोडलेल्या शेंड्याचा निरोप खाली पोचत होता.

"बघ, ह्याचं ऐकत्यात की अजून," मामा म्हणाले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी त्यांना गावी जायला एसटी स्टँडवर सोडलं. पाटीभर फुलं होती. शिवाय ती तीन झाडं, डब्यांसकट, पट्ट्यांसकट, प्रत्येकावर एकेक फूल. तोडून न्या म्हटलं तर ऐकेनात.

कंडक्टरने डब्यांकडे बोट दाखवलं. "पावणं, ह्यांचं तिकीट?"

"पेशंट हायती. अर्धं फाडा."

"मग खिडकीला बसवू नका," कंडक्टर म्हणाला. "वारं लागंल."