न फोडलेला गुडघा

आमच्या गावच्या जत्रेत बोकड पडलं की मुलाणीभाई सुरी पुसता पुसता एकदा तरी विचारायचे, "ड्रेसर आलं का?" कारण बोकडाच्या मागच्या पायाचा एक गुडघा तात्या ड्रेसरांसाठी न फोडता ठेवायचा, असा शिरस्ताच पडून गेला होता. कुणाला कलेजी हवी असायची, कुणाला नळी, कुणाला मुंडी. तात्यांना गुडघा हवा, तोही शिजायच्या आधी. तो पितळी परातीत घेऊन ते चुलाणापाशी मांडी घालून बसत, खिशातून बारीक चाकू काढत आणि जमलेल्या मंडळींना सांधा उघडून दाखवत.

"ही बघा मांडीच्या हाडाची खालची टोकं. दोन गोल गड्डं. आन् ही नडगी, वरनं सपाट. आता मला सांगा, पाट्यावर वरवंटा उभा केला तर ऱ्हातोय का? न्हाई. मग तुमी आमी कसं उभं ऱ्हातोय?" कुणी उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नसे, कारण तात्यांना ते स्वतःच द्यायचं असे. "दोऱ्यांवर, गड्यांनो! दोऱ्यांवर आन् मांडीच्या मासावर." मग चाकूच्या टोकानं ते आतल्या दोन दोऱ्या दाखवत. कातरीच्या पात्यांसारख्या एकमेकींवर आडव्या गेलेल्या. एक नडगीला पुढं सरकू देत नाही, दुसरी मागं. दोन अंगांना दोन पट्टे, म्हणजे गुडघा बाजूला कलंडायला नको. आणि दोन हाडांच्या मधे चंद्रकोरीसारख्या दोन पांढऱ्या, गुळगुळीत गाद्या. "ह्या गाद्या हायती म्हणून हाडावर हाड घासत न्हाई. ह्या फाटल्या की माणूस संपला न्हाई, पण त्याचा डौल संपला." तोवर बायका पदर नाकाला लावून ओरडत, "आवं तात्या, शिजवायचं हाय न्हवं ते?" तात्या गुडघा धुऊन परत देत आणि म्हणत, "अभ्यास झाला, आता परसाद."

उंब्रजपासून तासाभराच्या चालीवर आमचं गाव. दुसऱ्या महायुद्धाची लढाई अजून चालू होती तेव्हाच तात्या पलटणीतून घरी आले. बॉम्बच्या आवाजानं डावा कान गेला म्हणून सरकारनं त्यांना सोडलं होतं. तिकडं वाळवंटातल्या लष्करी इस्पितळात ते ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, ऑपरेशनच्या वेळी साहेबाच्या हाताशी उभं राहायचं. गावात आल्यावर त्यांनी आपल्या सोप्यात एक बाकडं टाकलं आणि तेच काम पुढं चालू ठेवलं. अंगानं उंच, काटकुळे, खाकी अर्ध्या चड्डीवर पांढरा सदरा आणि डोक्याला भला मोठा पटका. ह्या वेशाची लोक टिंगल करत, पण पायाला कोयता लागला की त्याच वेशाला शोधत धावत.

माणूस भेटला की तात्या आधी त्याच्या गुडघ्यांकडं पाहत, मग तोंडाकडं. "तोंड खोटं बोलतंय, गुडघा न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोप्यात बसून रस्त्यानं चाललेल्याची चाल बघत आणि पाठमोऱ्या माणसाचं निदान सांगून मोकळे होत. उसाची मोळी उचलणाऱ्या गड्यांना अडवून शिकवत, "ताठ पायानं वझं झेलू नगा. गुडघा सरळ झाला की शेवटाला जरा फिरतोय आन् कुलूप घालून घेतोय. म्हणून तर माणूस तासतास उभा ऱ्हातो. पण कुलूप घातल्यावर वरनं धक्का बसला तर कुलूप तुटतंय." मला ते नेहमी चिडवायचे. "मास्तर, लोक म्हंत्यात तुमची अक्कल गुडघ्यात हाय. असती तर बरं झालं असतं. गुडघा लय शाना असतोय." मी तेव्हा शाळेत मास्तर, वय तेवीस, लग्नाचं बघणं चाललेलं. त्यावरही त्यांचं तयार असे. "लोक गुडघ्याला बाशिंग बांधत्यात, आमी पट्टी बांधतो."

मास्तरकी करायचो तरी माझा जीव तालमीत होता. त्या वर्षीच्या जत्रेत माझी कुस्ती ठरली होती आणि मी सकाळ-संध्याकाळ आखाड्यात घुमत, मेहनत करत होतो. जत्रेला महिना राहिला असताना एका संध्याकाळी सरावात माझा पाय मातीत रुतला आणि अंग तेवढं फिरलं. आत काहीतरी कट्कन वाजलं. उठू गेलो तर उजवा गुडघा थोडा वाकलेला, तसाच अडकून बसलेला. काही केल्या सरळ होईना.

असा अडकलेला गुडघा आमच्या तालमीत पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीनं सोडवला जाई. त्याला 'गुडघ्यावर बसणं' म्हणत. गड्याला उताणा झोपवायचं, दोघांनी खांदे दाबायचे, एकानं टाच धरायची आणि वजनदार माणसानं गुडघ्यावर बसून तो सरळ करायचा. आमचे वस्ताद आबा मोठे दिलदार, मातीसाठी आयुष्य वाहिलेले. त्यांनी आपल्या हातानं माझ्या गुडघ्याला तेल लावलं आणि म्हणाले, "दाताखाली फडकं धर. एका दणक्यात मोकळा हुशील." मी फडकं धरलं. मलाही तेच हवं होतं, कारण महिन्यावर जत्रा होती.

तेवढ्यात तात्या आले. कुणीतरी पळत जाऊन त्यांना सांगितलं असावं. तालमीची चौकट इतकी बुटकी की पटका पडू नये म्हणून ते एरवी वाकून, सांभाळून येत. त्या दिवशी पटका चौकटीला अडकून मागं पडला तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. सरळ येऊन माझ्या गुडघ्यावर स्वतःचा पंजा पालथा ठेवला आणि म्हणाले, "बसायचं तर माझ्या हातावर बसा."

"तात्या, ही तालीम हाय. दवाखाना न्हाई," आबा म्हणाले.

"व्हय आबा. म्हणूनच म्हंतो, उचला ह्याला हितनं."

"आन् गडी अधू झाला तर?"

"झाला तर भर जत्रंत पटका काढून तुमच्या पायावर ठेवीन. पण आज कुणी बसायचं न्हाई."

असं आबांशी कुणी बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आबांनी हात झटकले आणि ते बाहेर निघून गेले. चौघांनी मला उचलून घरी नेलं. खरं सांगायचं तर मला तात्यांचा राग आला होता.

तात्यांचा उपाय म्हणजे उपायच वाटेना. बाजेच्या कडेवरून पाय खाली सोडून ठेवायचा, मांडीला गरम मिठाची पुरचुंडी फिरवायची आणि मांडी सैल सोडायची. ओढायचं नाही, दाबायचं नाही, चोळायचं नाही. "मांडी भ्यालीय. भ्यालेलं मास गुडघ्याला सोडत न्हाई. त्याला धीर दे," एवढंच सांगत. चारचौघांत ते मला 'मास्तर, तुमी' म्हणत आणि बाजेपाशी बसले की 'तू'वर येत. तीन दिवस झाले, चार झाले. गुडघा होता तिथंच. आई भाकरी थापता थापता मला ऐकू येईल इतक्यानं म्हणू लागली, "आबांचा हात लागला असता तर एव्हाना पोरगं चाललं असतं." जन्मभर वाकडा पाय ओढत शाळेत जावं लागणार, ह्या भीतीनं मी ताट बाजूला सारू लागलो. पाचव्या दिवशी मी तात्यांना तोडूनच बोललो. म्हणालो, "बोकडाचा गुडघा बघून माणसाचा कळतो काय? कशाच्या जिवावर एवढी खात्री?"

तात्या चिडले नाहीत. चांगला कान माझ्याकडं करून बसले आणि म्हणाले, "खात्री चुकून आलीया. ऐक."

इस्पितळात त्यांच्याकडं पाटणच्या डोंगरातला दगडू नावाचा एक शिपाई आला होता. फुटबॉल खेळताना त्याचा गुडघा माझ्यासारखाच अडकला होता. साहेब दुसऱ्या दिवशी तपासणार होते. आपल्याला घरी धाडतील, भाऊबंद हसतील, ह्या भीतीनं दगडू तात्यांच्या मागं लागला. आपल्या मुलखातला माणूस बघून म्हणाला, "तात्या, तालमीत करत्यात तसं कर रं. बस गुडघ्यावर." आणि तात्या बसले. "तू इचारतोस ना खात्री कशाच्या जिवावर? माझ्या बुडाखाली त्याची गादी फाटली आन् दोरी बी तुटली. दोन्ही आवाज मी ऐकलं. तवा माझं दोन्ही कान चांगलं हुतं." दगडूचा पाय कायमचा अधू झाला. साहेबानं तात्यांना शिक्षा केली नाही. भटारखान्यातून बकऱ्याची तंगडी मागवली, गुडघा उघडला आणि तात्यांना समोर उभं करून दाखवलं, बघ तू काय केलंस ते. "गादीचा तुकडा हाडांच्या मधी अडकलेला असतोय, मास्तर. दारात धोतराचं टोक अडकलं तर दार आपटत्यात काय? दार जरा उघडायचं, टोक आपसूक सुटतंय. एवढं माझ्या डोस्क्यात यायला एका माणसाचा पाय गेला."

त्यानंतर मांडी सैल सोडायला मला कुणाला सांगावं लागलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी तात्यांनी माझी टाच तळव्यात धरली आणि म्हणाले, "मास्तर, औटकी म्हणा." साडेतिनाचा पाढा! मला वाटलं चेष्टाच. पण सुरू केली. एक औट औट, दोन औटं सात. तात्या माझी नडगी किंचित आत, किंचित बाहेर अशी हलवत होते, जात्याचा खुंटा चाचपावा इतक्या हलक्या हातानं. नऊ औटांशी येऊन मी अडखळलो, डोक्यात हिशेब करू लागलो आणि त्याच क्षणी गुडघ्यात टक् झालं. पाय आपल्या आपण सरळ झाला. आईच्या हातातला तांब्या पडला. तात्या म्हणाले, "मास्तर औटकीत अडकलं आन् गुडघा सुटला. शाळा तपासनिसाला सांगू नगा."

त्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं नाही. सर्व्हिस मोटारीत घालून मला सांगलीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी गुडघा सगळ्या बाजूंनी तपासला आणि हे कुणी सोडवलं म्हणून विचारलं. तात्या दाराशी उभं राहून पंख्याकडं बघत होते. मी बोट दाखवलं. डॉक्टरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि मला सोडून त्यांच्याशीच अर्धा तास बोलत बसले. मी कुस्ती खेळू शकेन का, हे मात्र मी विचारलं आणि दोघांनी एकदमच नकाराची मान हलवली. गादीला चीर होतीच. परतीच्या वाटेवर तात्या म्हणाले, "चालशील, पळशील, डोंगर चढशील. कुस्ती न्हाई. तुला गोड बोलून फसवणार न्हाई." मी मोटारीच्या खिडकीकडं तोंड करून रडलो. तात्यांनी मला रडू दिलं.

मग पाच महिने मांडीची शाळा. पाय लांब करून मांडी आवळायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायची. पुढं घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा. दर आठवड्याला पिशवीत एक ओंजळ वाळू जास्त. "दोऱ्या ढिल्या पडल्या तर गुडघ्याला कोण धरणार? ही मांडी. हाड आईबापानं दिलं, मांडी आपली आपण करायची." माझी मांडी ते सुतळीनं मोजत आणि सुतळीला गाठ मारून ठेवत. जत्रा आली, गेली. मी आखाड्याच्या कडेला उभा राहिलो, तो दिवस वाईट गेला. पण सरळ पायांवर उभा होतो. आबा माझ्याजवळ आले, खाली वाकून त्यांनी माझा गुडघा चाचपला आणि पुढं गेले. त्यानंतर आमच्या तालमीत कुणी कुणाच्या गुडघ्यावर बसलं नाही.

दिवाळी झाल्यावर एकदा पहाटेच तात्या दारात उभे. "चल. आज तुझी परीक्षा." मोटारीनं पाटणला गेलो आणि तिथून डोंगर चढू लागलो. मला धाप लागली, गुडघा मात्र बोलला नाही. खिंडीत पोचल्यावर मला वाटलं जिंकलो. तात्या म्हणाले, "चढ छातीची परीक्षा असतोय, गड्या. गुडघ्याची परीक्षा उतार." पलीकडच्या उतारावर दहा-बारा घरांची वाडी होती. तात्या माझ्या पुढं न जाता मागून चालत होते आणि त्यांची नजर माझ्या पायांवर आहे हे मला पाठीला कळत होतं. मी शेवटपर्यंत उतरलो. कुठं थांबलो नाही, कुठं लंगडलो नाही.

वाडीच्या टोकाच्या घरात, उंबऱ्याच्या आत, एक माणूस काठी शेजारी ठेवून बसला होता. उजवा पाय ताठ लांब पसरलेला. न सांगता मला कळलं, हा दगडू. तात्या आत गेले नाहीत. अंगणातल्या दगडावर बसले. पलटणीतून आल्यापासून ते दर वर्षी इथं येत, त्या दगडावर घटकाभर बसत आणि पाणीही न घेता परत जात, हे मला तिथं दगडूच्या बायकोनं सांगितलं.

"ह्यो कोण?" दगडूनं विचारलं.

"आमचा मास्तर," तात्या म्हणाले. एरवी शब्दाला शब्द जोडणाऱ्या माणसाचा आवाज बारीक झाला होता. "ह्याचा बी तुझ्यावानीच अडकला हुता. सगळी म्हनत हुती बस. मी बसलो न्हाई."

दगडूनं मला जवळ बोलावलं. माझ्या गुडघ्याच्या वाटीवर पंजा ठेवला आणि म्हणाला, "बस." मी उकिडवा बसलो. "ऊठ." उठलो. त्यानं तीनदा बसवलं, तीनदा उठवलं आणि दर खेपेला त्याचा पंजा माझ्या गुडघ्यावरच होता. आतली हालचाल तो डोळे मिटून ऐकत असावा. मग त्यानं हात काढून घेतला, काठी टेकली आणि मोठ्या कष्टानं उभा राहिला.

"तात्या," तो म्हणाला, "अपराध्यावानी लय येळा आलास. आता आत ये. जेवायला बस."

पायातल्या वहाणा काढायला तात्या वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.