आठ रुपयांचं पुस्तक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास मी नाशिकच्या एका वाचनालयाच्या पुस्तक-निवड समितीवर होतो. आम्ही पुस्तकं कशी निवडायचो, ठाऊक आहे? किंमत बघून. पंचवीस रुपयांच्या आतलं पुस्तक उघडायचंसुद्धा नाही — त्यात काय असणार? माझ्या स्वतःच्या कथासंग्रहाची किंमत मी प्रकाशकाच्या मागे लागून साठाची दीडशे करून घेतली होती. समितीने माना डोलावत तीन प्रती घेतल्या. वाचायला मात्र एकही कुणी नेली नाही.

अशात पेठ तालुक्यातले भोये गुरुजी आले. पाड्यांवरच्या माणसांच्या गोष्टी लिहून त्यांनी स्वतःच छापल्या होत्या. पिना मारलेलं पातळ पुस्तक, किंमत आठ रुपये — शाळेतल्या पोरांच्या आईबापांना परवडावं म्हणून. 'तुम्ही लेखक' म्हणत एक प्रत मला देऊन गेले. मी ती वाचली. एका दमात. मग पुन्हा.

आणि तरी — सभेच्या दिवशी ते पिशवीभर प्रती घेऊन आले, तेव्हा सगळ्यांसमोर ते पुस्तक दोन बोटांत धरून मी म्हणालो, "गुरुजी, आठ रुपयांत मिसळ येते. तिच्यात निदान तर्री तरी असते."

सगळे हसले. गुरुजीही हसले. मग अगदी साधेपणाने म्हणाले, "मंग किती ठेवू किंमत, साहेब? तुम्ही सांगाल तेवढी ठेवतो."

तिथे तरी थांबता आलं असतं ना? नाही थांबलो.

"किंमत वाढवून काय होणार? आत काही असावं लागतं."

त्यांनी प्रती पिशवीत भरल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले.

सात-आठ वर्षांनी त्यांची मुलगी वाचनालयात आली. गुरुजी वारले होते. त्या सभेनंतर त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती. उरलेल्या प्रती चुलीत घातल्या होत्या. "बाबा म्हणायचे, साहेबांनी खरं ते तोंडावर सांगितलं," ती म्हणाली — कौतुकाने. एखादी प्रत कुठे मिळेल का, एवढंच तिचं विचारणं.

माझ्या घरी, कपाटात होती. मी 'नाही' म्हणालो.

दिली असती, तर तिने ती उघडली असती. पानापानाच्या कडेला माझं पेन्सिलीतलं अक्षर — 'वा!', 'हे मला का सुचलं नाही?'

ते खोडून प्रत देता आली असती. तेवढेही कष्ट मी घेतले नाहीत.