ड्रॅगनचे दात आणि चांदणीची पाठ

सासुरवाडीहून सारंगखेड्याची यात्रा म्हणजे तापीवरचा पूल ओलांडला की आलीच. तरी माझे सासरे, म्हणजे नाना, पहाटेच पुढे निघून गेले होते. त्यांना चांदणीला पायी न्यायचं होतं. चांदणी ही त्यांची घोडी, आणि या यात्रेत ते तिला विकणार होते. मी आणि माझी सात वर्षांची लेक ओवी मागून गाडीने निघालो. गाडीत बसल्यापासून ओवीचं एकच पालुपद चाललं होतं, "बाबा, ड्रॅगन ट्रेन आहे ना नक्की?"

घोडी विकण्याचं कारण माझ्या मागच्याच सीटवर पाय हलवत बसलं होतं. गेल्या वर्षीच्या दिवाळीत कुणीतरी लवंगी फटाका फोडला, चांदणी बिचकली आणि तिच्या पाठीवरची ओवी घसरून कापसाच्या ढिगात पडली. लागलं काहीच नाही. पण माझ्या बायकोने, वैशालीने, लेकीला उचललं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुणं गाठलं. तेव्हापासून आजोळी आली तरी ओवी घोडीच्या बाजूने अंगणसुद्धा ओलांडत नाही. नानांनी ते मनाला लावून घेतलं. "जी घोडीनं मन्ही नातले भेव लागस, ती काय कामनी?" (जिची माझ्या नातीला भीती वाटते ती घोडी काय कामाची?) एवढंच बोलून त्यांनी गिऱ्हाईक ठरवून टाकलं. वैशालीने निघताना मला बजावलं होतं, काहीही कर पण घोडी जाऊ देऊ नकोस, ती गेली तर नाना खचतील. मी बँकेत काम करतो. घोडा कुठल्या बाजूने चावतो आणि कुठल्या बाजूने लाथ मारतो, एवढीच माझी अश्वविद्या.

पूल ओलांडला आणि थंडीच्या धुक्यातून घोडेच घोडे दिसायला लागले. काळे, अबलख, पांढरेशुभ्र, कपाळाला गोंडे लावलेले, काहींच्या तर कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. एक देखणा घोडा माझ्या गाडीच्या आरशात स्वतःला न्याहाळत इतका वेळ उभा राहिला की मीच ओशाळलो. ओवीने काच वर केली आणि घोडे सोडून आकाशपाळण्याकडे बघत राहिली.

नाना चांदणीला खरारा करत होते. विकायची असली तरी तिचं अंग आरशासारखं चमकलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. नवापूरकडचे एक पोल्ट्रीवाले शेठ तिला घेणार होते आणि दुपारी येऊन घोडी घेऊन जाणार होते. ओवी दहा हात लांब उभी राहून गोडीशेव (गुळाच्या पाकातली शेव) खात होती. मीही खाल्ली. दाताला चिकटते, बोटांना चिकटते, गाडीच्या किल्लीलाही चिकटते, आणि तरी हात परत पुडीत जातो.

"नाना, तुम्ही बसणार ना माझ्याबरोबर ट्रेनमध्ये?" ओवीने लांबूनच विचारलं.

नाना जन्मात साध्या पाळण्यात बसले नव्हते. पण नातीने आपणहून काही मागितल्याला वर्ष लोटलं होतं. त्यांनी चांदणी शेजारच्या राहुटीतल्या मित्राच्या हवाली केली आणि टोपी नीट केली.

ड्रॅगन ट्रेन म्हणजे तीन-चार चढउतारांचा लंबगोल रूळ आणि त्यावर हिरव्या ड्रॅगनचं तोंड लावलेली छोटी गाडी. लहान पोरांपासून आजीबाईंपर्यंत सगळे रांगेत होते. आमचा नंबर आला आणि नाना बसेचनात. त्यांनी आधी ड्रॅगनला एक पूर्ण चक्कर मारली. मग त्याच्या गळ्याखाली हात घालून चाचपलं. घोड्याच्या गळ्याखाली शुभ भोवरा असतो त्याला देवमण म्हणतात, आणि तो नसलेलं जनावर नाना दावणीला बांधत नाहीत. फायबरच्या गळ्याला भोवरा कुठला? शेवटी घोड्याचं वय ओळखायला बघतात तसे जबड्यात डोकावून त्यांनी दात पाहिले.

"म्हतारं शे," ते गंभीरपणे म्हणाले.

"चाचा, बैठना है के खरीदना है?" जाडजूड ट्रेनवाल्याने विचारलं आणि अख्खी रांग हसली.

नाना आणि ओवी सगळ्यात पुढे, ड्रॅगनच्या मानेमागे बसले. मी त्यांच्या पाठीमागे, गुडघे हनुवटीला लावून. गाडी चढाला लागली तसे नाना घोड्यावर वाकतात तसे पुढे वाकले आणि जिभेने टकटक करून तिला हाकायला लागले. उतार आला. "हो, हो, हो!" म्हणत त्यांनी समोरचा लोखंडी दांडा लगामासारखा मागे ओढला. ड्रॅगनने काही ऐकलं नाही. टोपी उडून माझ्या तोंडावर आली. गोडीशेवेची पुडी कुठे गेली ते कळेना, आणि मी कुलदैवतामागोमाग आमच्या मॅनेजरसाहेबांचाही धावा केला.

"ओरडा नाना, ओरडलं की बरं वाटतं," ओवी त्यांचा हात धरून सांगत होती.

मग आम्ही तिघं ओरडलो आणि गाडी थांबल्यावरही जरा वेळ ओरडतच राहिलो.

उतरल्यावर नाना जमिनीवरच बसले. ओवीने वाकून विचारलं, "घाबरलात?"

आता ते "हट्" म्हणणार असं मला वाटलं.

"हां माय. भलतं भेव लागनं," नाना म्हणाले.

ओवी त्यांच्याकडे बघतच राहिली. हे तिला आजवर कुठल्या मोठ्या माणसाने सांगितलं नव्हतं. तेवढ्यात नाना उठले आणि परत रांगेकडे निघाले.

"अहो नाना, कुठे?"

"परत बठनं पडी, जवाई. घोडावरथीन पडनं का लगेच परत बठनं. नही ते भेव अंगमा घर करी लेस." (परत बसावं लागेल. घोड्यावरून पडलं की लगेच परत बसायचं. नाहीतर भीती अंगात घर करते.)

घोडे पाळणाऱ्यांची ही जुनी रीत. गेल्या वर्षी दिवाळीत ती सांगायला आम्ही त्यांना वेळच दिला नव्हता.

दुसऱ्या खेपेला नानांनी डोळे घट्ट मिटले होते. ना टकटक, ना लगाम. ओवीने मात्र त्यांचा हात शेवटच्या वळणापर्यंत सोडला नाही.

खाली उतरल्यावर ती म्हणाली, "चांदणी कुठे बांधलीय?"

मी तोंड उघडणार होतो, नानांनी डोळ्यांनीच गप्प केलं. ती स्वतः चालत घोडीपर्यंत गेली आणि थांबली. "नाना, मला भीती वाटतेय."

"वाटू दे. माले बी वाटनी. बठ."

त्यांनी तिला वर ठेवलं. चांदणीने मान वळवून पाठीवर कोण आलंय ते पाहिलं आणि पाऊल उचललं. तिची ती अलगद रेवाल चाल, पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तरी हलू नये अशी. ओवीचे ओठ आधी घट्ट मिटलेले होते. दुसऱ्या फेरीत ती बोलायला लागली, तिसऱ्या फेरीत गायला.

पोल्ट्रीवाले शेठ आले. "काय नाना, नेऊ का मग?"

"घोडीवर सवार शे, दिसत नही का?" नाना त्यांच्याकडे न बघताच म्हणाले.

शेठनी एकदा ओवीकडे, एकदा नानांच्या तोंडाकडे पाहिलं. हसले, आणि पुढच्या राहुटीत घोडी बघायला गेले.

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. ओवी घोडीवरून उतरायलाच तयार नव्हती, म्हणून नाना लगाम धरून चालत होते आणि मी मागून पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटत होतो. पुलावर माझ्यामागे उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग, सगळे हॉर्न वाजवतायत, आणि मला आनंदाने नुसतं हसू येत होतं. वर्षभर आम्ही पोरीला सांगत आलो, घाबरू नकोस. ते काही तिच्या कामी आलं नाही. तिला घाबरलेला सोबती हवा होता.

वैशालीचा फोन आला. "कुठे पोचलात? घोडी विकली का रे?"

"पुलावर आहोत," मी म्हटलं. "आणि तुझी लेक चांदणीवर बसून माझ्या पुढे चाललीय."

 ती पलीकडून नाक ओढत म्हणाली, "नानांना सांग, हळू न्या."