न फुटलेली कळशी

त्र्यंबकराव जानेवारीत गेले, तेव्हा ईडन प्रेरीत गुडघाभर बर्फ होतं. अंत्यविधीला खांद्यावरून मागे टाकून फोडायचं मडकं लागतं, हे त्यांच्या बायकोला, मालिनीला, ऐन वेळी आठवलं. मिनेसोटाच्या थंडीत मडकं आणायचं कुठून? शेवटी स्वयंपाकघरातली स्टीलची कळशीच नेली. मुलगा नव्हता, म्हणून मुलीने, दीपाने, ती खांद्यावर घेऊन फेऱ्या घातल्या आणि मागे टाकली. स्टील ते, फुटतंय कसलं! कळशी ठणठणत फ्यूनरल होमच्या कॉरिडॉरभर घरंगळत गेली. तिथल्या एका भल्या माणसाने ती उचलून, पुसून, अदबीने मालिनीच्या हातात परत दिली.

कळशी घरी येऊन बेसमेंटमध्ये विसावली, आणि तिच्याबरोबर त्र्यंबकरावही परत आले, असं मालिनीला वाटे. कारण संध्याकाळ झाली की बेसमेंटमधून तोच घरंगळण्याचा आवाज येई. खाली जाऊन पाहावं, तर कळशी कपाटाशी जागच्या जागी. अंगावर काटा यायचा. पण एखाद्या संध्याकाळी आवाज आला नाही, तर तिला घास गिळवत नसे.

ऑक्टोबरच्या अखेरीस दीपा घरी आली. कॉलेजात ती युरोपातल्या जुन्या धर्मांचा अभ्यास करायची. आईने भीत भीत तिला सगळं सांगितलं.

"मडकं फुटलंच नाही गं. तुझे बाबा इथेच अडकलेत. जीव सुटायचा कसा त्यांचा?"

दीपा हसली नाही. "आई, केल्ट लोक तळ्यात तलवारी ऑफर करायचे ना, त्या आधी बेंड करायचे. कढयासुद्धा तोडून टाकायचे. मोडल्याशिवाय ती वस्तू पलीकडच्या जगात जातच नाही, असं काहीतरी बिलीफ असावं. आणि त्यांच्या कॅलेंडरमध्ये आज दोन्हीकडची दारं ओपन असतात."

 मालिनीने त्र्यंबकरावांचाच हातोडा आणला. पहिला घाव तिने जपूनच घातला, पण अडकलेल्या माणसाचे हाल तिला बघवत नव्हते. कळशी पार चेपली, तळ फाटला. मायलेकींनी ती घरामागच्या तळ्यात सोडली. पाणी बुडबुडलं आणि शांत झालं.

"बरं वाटलं ना, आई?"

"हो गं," मालिनी म्हणाली. तेव्हा ते खरंही होतं.

दीपा कॉलेजला परत गेली. संध्याकाळ झाली. बेसमेंट गप्प. दुसऱ्या संध्याकाळीही गप्प. पुढे बर्फ पडू लागलं, तळं गोठलं, तरी खालून हूं की चूं नाही. नवरा जानेवारीत गेला म्हणतात सगळे. मालिनीचा नवरा खरा आत्ता गेला होता.

एका संध्याकाळी तिने फडताळातला तांब्या काढला, बेसमेंटचं दार उघडलं आणि पायऱ्यांवरून सोडून दिला. तो ठणठणत खाली गेला, घरंगळला, थांबला.

"अहो," तिने खालच्या अंधारात हाक मारली, "चुकलं माझं. या ना परत."