शांती मिळाली नाही

आमच्या ख्रिस्ती मंडळीत देवाला विचारल्याशिवाय कोणी मिक्सरसुद्धा बदलत नाही. मी हे थट्टेने म्हणते, पण खोटं नाही. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एका फर्निचरच्या दुकानावर आमचा हॉल आहे. दर रविवारी चाळीस-पन्नास माणसं जमतात, बरीचशी अंबरनाथ-बदलापूरकडची. उपासना संपली की जिन्यात जे बोलणं चालतं ते ऐकण्यासारखं असतं. नोकरी बदलू का, मुलीला कॉमर्सला घालू का, चिखलोलीला फ्लॅट बघितलाय, प्रभू काय म्हणतो बघू. प्रभू काय म्हणतो ते ओळखायची रीतही ठरलेली आहे. शास्त्रातलं वचन, समोरची परिस्थिती आणि मनातली शांती, ही तिन्ही एका बाजूला आली पाहिजेत. वचन आपल्याला हवं तसं सापडतं, परिस्थिती हवी तशी दिसते, म्हणून शेवटी सगळा भार येतो तो शांतीवर. "शांती मिळाली का?" असं आम्ही एकमेकांना जेवलात का विचारावं तसं विचारतो.

प्रश्न मोठा असला, लग्नाचा किंवा ऑपरेशनचा, तर पास्टर घरातल्या दोघांना निवडतात. दोघांनी तीन दिवस उपास करायचा, वेगवेगळी प्रार्थना करायची, त्या विषयावर आपसात चकार शब्द काढायचा नाही, आणि चौथ्या दिवशी आपापली चिठ्ठी लिहून पास्टरांच्या हातात द्यायची. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तर ते देवाचं उत्तर. नाही जुळल्या तर देव थांब म्हणतोय असं समजायचं. ही रीत आम्हा सगळ्यांना फार आवडते. तिच्यात कोणी खोटं लिहील असं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

चौदा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी अशा दोन चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. एक तिने लिहिली, एक मी.

तेव्हा आम्ही बदलापूरला मांजर्लीत तळमजल्यावर राहत होतो, आजही तिथेच आहोत. वडील नगरकडून अंबरनाथच्या कारखान्यात आले होते, ते तोवर गेलेले. आईची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली होती. मी कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला होते, म्हणजे शिवून आलेल्या पॅंट्स उलटसुलट करून शिवणीतले दोष काढायचे. बहीण बालवाडीत शिकवायची. ती एकोणतीस वर्षांची होती, मी अडतीस. माझं लग्न जमलं नव्हतं. मी रंगाने काळी आणि जिभेने तिखट. आलेली दोन-तीन स्थळं तुझ्या जिभेने परत पाठवली, असं आई म्हणायची, आणि तिचं तोंड वाकडं झाल्यावरही हे वाक्य मात्र ती स्पष्ट बोलायची.

बहिणीला सांगून आलेला मुलगा अंबरनाथचा, लॅबमध्ये टेक्निशियन. त्याला नाशिकला नोकरी लागली होती, लग्न करून तिकडेच जाणार होता. तो घरी आला तेव्हा आत जाऊन आईच्या खाटेशी बसला, तिचा निर्जीव हात हातात घेऊन बोलला. माझ्या हातून मुद्दाम केल्यासारखी खारट झालेली आमटी त्याने दोनदा घेतली. तो गेल्यावर बहीण ओट्यापाशी भांडी विसळत होती आणि तिच्याच नादात हसत होती. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही गं, उगीच." तसं उगीच हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं.

तीन दिवस मी उपास केला. पहिल्या दिवशी प्रार्थनेला बसले आणि डोक्यात एकच आलं, की आता आईला कूस कोण बदलून देणार. सकाळी मी, संध्याकाळी ती, अशी आमची पाळी होती. दुसऱ्या दिवशी वाटलं, मुलगा वाईट असता तर बरं झालं असतं, एका झटक्यात नाही म्हणता आलं असतं. तो चांगला होता हेच मला खुपत होतं. ती जाणार, नवऱ्याच्या घरी उगीच हसणार, आणि मी या खोलीत आईची लघवीची चादर धुवत म्हातारी होणार. तिसऱ्या दिवशी छातीत नुसती धडधड. काही केल्या बसेना. चौथ्या दिवशी मी कागद घेतला आणि लिहिलं, शांती मिळाली नाही.

खोटं म्हणावं तर ते खोटं नव्हतं. शांती खरोखरच नव्हती. ती कशामुळे नव्हती, ते मात्र मी लिहिलं नाही. देवाला माझ्याकडून काही वदवून घ्यायचं असेल तर माझी भीतीच तो वापरत असेल, असंही मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

पास्टरांनी आम्हा दोघींसमोर चिठ्ठ्या उघडल्या. तिच्या चिठ्ठीत होतं, शांती आहे आणि आनंद आहे. पास्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग तिला म्हणाले, "आनंद कधीकधी आपल्या मनाचा असतो, बेटा. ताईला स्वार्थ काय आहे यात? तिला जे मिळालं ते बघ." ती हो म्हणाली. माझ्यासमोर रडली नाही. अंबरनाथला नकाराचा निरोप गेला. मुलगा एकदा बालवाडीपाशी येऊन तिला भेटून गेला, हे मला दुसऱ्याच कुणाकडून समजलं. ती त्याला काय म्हणाली ते मी कधी विचारलं नाही.

इथेच संपलं असतं तरी मी ते कसंबसं सोसलं असतं. पण सात वर्षांनी बातमी आली की त्या मुलाची नोकरी गेली, तो प्यायला लागला, दुसरीकडे लग्न करून आणलेली बायको माहेरी निघून गेली. त्या रविवारी माझी बहीण हॉलमध्ये उभी राहिली आणि तिने साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. देवाने माझ्या ताईच्या तोंडून मला वाचवलं, ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवून प्रभूची स्तुती केली. मीही वाजवल्या. तेव्हापासून दर वर्षी ती ही साक्ष देत आली. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत आले.

आणि मंडळीत माझं वजन वाढलं. बायका जिन्यात मला गाठून सांगायच्या, ताई, आमच्यासाठी विचारा ना, तुम्हाला कळतं. मी विचारायचे. थांबा म्हणायचे, जा म्हणायचे. एका पावसाळ्यात नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं आणि आमच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं, त्याचीही साक्ष झाली. समोरच्या बिल्डिंगमध्ये पाणी गाद्यांपर्यंत गेलं होतं. त्यांनी देवाचं काय बिघडवलं होतं ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. खरं सांगायचं तर तोवर माझाच विश्वास बसला होता. बघ, तो दारुडाच निघाला ना, असं मी मनात म्हणायचे. मात्र एक प्रश्न मी स्वतःला कधी पुरता विचारू दिला नाही. ती त्याच्या घरात असती, तर तो प्याला असता का?

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिची खाट आम्ही भंगारवाल्याला दिली, आणि ती जागा रिकामी झाली तशी माझी प्रार्थना बंद पडली. गुडघे टेकले की नुसता फ्रिजचा आवाज. मला कळेना, देव आत्ता गप्प झालाय की आधीपासूनच गप्प होता आणि मी आईच्या कामाच्या घाईत ते ऐकलं नव्हतं. जीन्सची सुटलेली शिवण मला अजून नुसता हात फिरवून कळते. आमचा सिंधी मालक कौतुकाने म्हणतो, "इसके हाथ से कुछ नहीं छूटता." चौदा वर्षं मी स्वतःला उलटसुलट करून बघितलं नाही, ते त्याला कुठे माहीत आहे.

यंदा बहिणीला पुन्हा मागणी आली. माणूस विधुर, वायरमन, राहायला चिखलोलीला, आमच्याच मंडळीतला. बोलतो कमी, पण हॉलचे बिघडलेले पंखे कुणी न सांगता दुरुस्त करून जातो. बहीण त्रेचाळीस वर्षांची. पास्टर म्हणाले, "दोघी बहिणी तीन दिवस बसा." मी नको म्हणत होते. बहीणच म्हणाली, "ताई, तूच पाहिजेस. मागच्या वेळी तुझ्यामुळेच वाचले."

या वेळी मला काहीही नको होतं. आई नव्हती, भीती नव्हती, हेवा तर कधीच वाळून गेला होता. मी शुद्ध मनाने बसले, आयुष्यात पहिल्यांदा. तीन दिवस तोंडात पाण्याशिवाय काही घेतलं नाही. हो म्हण, नाही म्हण, एवढंच मागितलं. काही आलं नाही. मला अक्षरशः राग आला. खोटं लिहायचं होतं तेव्हा छाती धडधडून मदतीला आली, आणि आता खरं लिहायला बसले तर आत सगळं सपाट.

शनिवारी दुपारी तिने केस काळे करायचं पाकीट आणलं. आयुष्यात कधी लावलं नव्हतं. रविवारी तो हॉलमध्ये दिसणार होता. स्टुलावर पाठमोरी बसून मला म्हणाली, "मागचं मला जमत नाही गं, लावून दे." मी ब्रशने एकेक बट घेऊन लावत होते. तिच्या मानेवर तीळ आहे, तो मी ती लहान असताना आंघोळ घालताना बघायचे. तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुतेक मी बोलले.

"मागच्या चिठ्ठीत मी लिहिलं ना, ते देवाने सांगितलेलं नव्हतं."

"म्हणजे?"

"तू गेलीस तर आईबरोबर मी एकटी पडले असते. आणि तुझं जमतंय, माझं नाही, ते मला बघवत नव्हतं. म्हणून लिहिलं. देव काही बोलला नव्हता."

ती हलली नाही. मग म्हणाली, "कानामागे राहिलंय का?"

"थोडं."

"लाव मग."

मी लावलं. ब्रश सरकला, तिच्या कानाला रंग लागला. तो पुसायला मी ओलं फडकं घेतलं तेव्हा ती बोलायला लागली, अगदी खालच्या आवाजात. "मी आभार मानायचे, ताई. नुसती साक्ष देताना नाही. रोज. आईचं सगळं करताना म्हणायचे, तू मला वाचवलंस म्हणून मी हे हसत करते. रोज कुणाशी तरी बोलत होते मी. मग ते ऐकत कोण होतं?"

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. तिचं लग्न मोडलं त्याचं मला आत कुठेतरी वाईट वाटत होतं, आणि त्या क्षणी दिसलं की मी आणखी काहीतरी मोडलंय. माझ्या एका ओळीवर तिने आपला अख्खा देव उभा केला होता. खरं बोलून मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. मी घाबरले आणि घाईघाईने म्हणाले, "ते सोड. तू हो म्हण. माणूस चांगला आहे. मी सांगते तुला, हो म्हण."

ती वळली. कपाळावर काळी रेघ उतरली होती.

"हे कोण बोलतंय?" तिने विचारलं.

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

आम्ही दोघींनीही चिठ्ठी दिली नाही. पास्टर म्हणाले, देव थांब म्हणतोय, आणि ती ते ऐकून आली. तिने त्या माणसाला नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. परवा दूध तापवताना मला विचारत होती, "मला तो आवडतो की मी आपली समजूत घालते? तुला काय वाटतं?" एके काळी ही मुलगी कागदावर आनंद आहे असं लिहून आली होती.

गेल्या रविवारी त्याने जिन्यात तिला थांबवलं. "काही कळलं का?" असं सरळ विचारलं. ती म्हणाली, "अजून नाही." त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "घरचे दुसरीकडे बघतायत. मी आता नाही विचारणार." आणि खाली उतरायला लागला. तिने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी रस्ता ओलांडताना पाहायची तसं. जा, त्याला हाक मार, असं मला जिवाच्या आकांताने ओरडायचं होतं. मी तोंड मिटून उभी राहिले. माझ्या तोंडून आलेलं काहीही आता तिच्या उपयोगाचं नव्हतं, आणि ते ऐकून ती गेली असती तर पुन्हा माझ्याच शब्दावर गेली असती. तो रस्त्यावर पोचून दिसेनासा होईपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती.