विहिरीत की विहिरीवर

मी बेलापूरजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. लग्नानंतर नवऱ्यानं हट्ट धरला की आपण मोबाईलवर एकमेकांना इंग्रजीतच लिहायचं. पहिल्याच दिवशी त्यानं कळवलं, 'आय ॲम ऑन द वेल.' मराठीत माणूस विहिरीवरच असतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. मी मात्र 'ऑन नको' एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, त्याचा मेसेज आला, 'आय ॲम इन द वेल.' मी शांतपणे 'इन नव्हे, ॲट' असं टाइप करत होते, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "काय लिवलंय त्यानं?"

"विहिरीत आहेत म्हणून," मी सरळ भाषांतर करून टाकलं.

सासूबाईंनी हातातली परात टाकली आणि बोंब ठोकली. चुलत दीर दोर घेऊन धावला, शेजारचे विहिरीत सोडायला बाज घेऊन धावले. "अहो, त्यांना ॲट म्हणायचंय!" असं ओरडत मी सगळ्यांच्या मागून पळत होते.

नवरा विहिरीच्या कठड्याला टेकून पेरू खात होता. गर्दी बघून तोच घाबरला. "कोन पडलं?"

"तू!" सासूबाई म्हणाल्या, आणि त्याला धरून रडायलाच लागल्या.

मी सगळ्यांना समजावलं. पण दिराच्या कमरेला दोर बांधून झाला होता आणि नुसतं माघारी फिरायला तो तयार नव्हता. तो खाली उतरला, मनसोक्त पोहला आणि ओरडला, "वहिनी, आता मी इन व्हय?"

"हो, आता इन," मी वरून म्हणाले.

सासूबाईंनी मात्र त्याला आधी बाहेर यायला सांगितलं.